ताईसाठी केलेला सिनेमा

४ जानेवारी
ठरलं. या वर्षी सिनेमा करायचाच, आणि तोही ताईवर. म्हणजे ताईवर नाही, त्या विषयावर. ती नऊ वर्षांची असताना बाबांच्या मित्राने, ज्याला सगळी कॉलनी काका म्हणायची, तिच्याशी जे केलं त्यावर. घरात हे कुणी बोलत नाही. लग्नाआधी एकदा तीच मला म्हणाली होती, तेवढंच.
या विषयावरचे सिनेमे बघून टाकले. सगळे सारखे. मुलगी खिडकीत बसते, पाऊस पडतो, व्हायोलिन रडतं, शेवटी कोर्ट. माझ्या सिनेमात पाऊस नाही. व्हायोलिन नाही. कोर्ट नाही.
ताईला आत्ता सांगायचं नाही. जुनी जखम कशाला उकरा? सरप्राइज.

१९ जानेवारी
स्क्रिप्टसाठी समुपदेशक बाईंना भेटलो. त्यांनी विचारलं, बहिणीशी बोललात का? मी म्हणालो, तिला त्रास नको म्हणून तर तुमच्याकडे आलो. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

८ फेब्रुवारी
निर्माता मिळाला. फरशांचा व्यापारी, सज्जन माणूस. स्क्रिप्ट ऐकताना दोनदा डोळे पुसले. फक्त शेवट कळला नाही म्हणाला. मुलगी मोठी होते, चष्म्याच्या दुकानात काम करते, मग पुढे? मी म्हणालो, पुढे तेच, रोजचं. तो म्हणाला, रोजचं बघायला कोण तिकीट काढणार?
कोर्ट घातलं. छोटंसंच.

२ मार्च, दुपार
शूटिंग. छोटीचं काम करणारी मुलगी गुणी आहे. तिला नेमका विषय सांगितलेला नाही, तसला कुठलाही प्रसंग दाखवत नाही, तिची आई आणि समुपदेशक बाई सेटवर असतात. याबाबतीत मी फार काटेकोर.
अडचण एकच. शॉट संपला की ती लाइटवाल्यांबरोबर लपाछपी खेळते आणि खिदळते. तिला सांगितलं, या सिनेमात हसायचं नाही, तुला खूप वाईट वाटतंय. तिने विचारलं, दिवसभर? मुलांना अभिनयातलं काय कळणार.

११ मार्च
काकाच्या भूमिकेतला नट जबरदस्त. डोळे असे की तो आला की चहावालासुद्धा बाजूला होतो. प्रेक्षकाला पहिल्या फ्रेमला कळलं पाहिजे, हाच तो.
शेजारच्या युनिटचा पावसाचा टँकर नुसताच उभा होता. वापरला. पण हा तसला पाऊस नाही. प्रतीकात्मक आहे.

२५ जून
संगीतकाराने व्हायोलिन लावलं. मी कडाडून विरोध केला. चेलोवर तडजोड झाली, तो व्हायोलिनपेक्षा खूप मोठा असतो.
सुरुवातीला काळ्या पडद्यावर पाटी टाकली: ‘माझ्या ताईला’. संकलक गहिवरला. मीही.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
ताईला सिनेमा दाखवला. ती एकटीच, मी मागच्या रांगेत. मध्येच उठली नाही. चांगलं लक्षण.
नंतर कॉफीला बसलो. ताईने कपात साखर ढवळली. मग म्हणाली, ती कधी हसत का नाही रे? मी हसायचे. त्या वर्षी स्नेहसंमेलनात नाचले होते, तू फोटो बघितलायस.
मग म्हणाली, आणि तो तसा दिसायचा नाही. तसा दिसला असता तर आईने त्याला घरात घेतलं असतं का? सगळ्यांचा लाडका होता. माझाही होता. मला सगळ्यात जड जातं ते हे.
मी कोर्टाबद्दल विचारलं. म्हणाली, मी आईला सांगितलं तेव्हा आईने मला पानावर बसवलं आणि वाढलं. तो यायचा बंद झाला. बस. पुन्हा कुणी त्यावर बोललं नाही.
मी म्हणालो, हे आधी सांगितलं असतंस तर घातलं असतं.
म्हणाली, तू विचारलं नाहीस.
उठताना म्हणाली, एक कर, ती पाटी काढ. लेकीला मी सांगणार आहे, पण माझ्या वेळेला, माझ्या तोंडाने.
लगेच हो म्हणालो. पाटी काढायला कितीसा वेळ लागतो?
एकूण तिला आवडला.

१६ ऑगस्ट
निर्मात्याला फोन केला. पाटी काढायला त्याची काही हरकत नाही. पण ट्रेलर सकाळीच बाहेर पडलाय, आणि त्यात मोठ्या अक्षरांत ‘दिग्दर्शकाच्या सख्ख्या बहिणीची सत्यकथा’. म्हणाला, हे तुम्हीच मीटिंगमध्ये बोलला होतात. बोललो असेन, पण विश्वासाने. बदलतो म्हणाला. ताई ट्रेलर वगैरे बघत नाही.

१७ ऑगस्ट
मेहुण्यांचा फोन. त्यांना सगळं माहीत आहे, ताईने लग्नाआधीच सांगितलं होतं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर तो ट्रेलर फिरतोय.
ताई माझा फोन उचलत नाही. तिच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी असेल.

२० ऑगस्ट
नवा ट्रेलर आला. जुना ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडे गेला. प्रतिसाद चांगला आहे. अनेकांनी रडल्याचं कळवलंय.
दुपारी भाचीचा फोन. एरवी मेसेज करते. म्हणाली, मामा, ती मुलगी म्हणजे आई का?
मी म्हणालो, शूटिंग चालू आहे, नंतर करतो.
बरं म्हणाली. पण फोन ठेवला नाही. नुसती ऐकत होती. मग मीच ठेवला.
शूटिंग मार्चमध्येच संपलंय.