मामांच्या काट्यावरचे धुके

तीर्थरूप मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताची बोटे अजून सिलिकॉनने चिकटतात, त्यामुळे नमस्कार जरा वाकडा झाला असेल.) मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे कसे आहेत, हे आधी विचारायला हवे, पण नेमके तेच विचारायची मला लाज वाटते. मामींना नमस्कार सांगा, मात्र पत्र त्यांच्याकडून वाचून घेऊ नका. नवा चष्मा बाजूला ठेवा आणि जुन्याच चष्म्याने स्वतः वाचा.

इकडे सगळे ठीक. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलाच्या हाती मामाने आपली जुनी मोटारसायकल दिलीच कशी, असे बाबा रोज जेवताना विचारतात. पूर्वी मी मान वर करून जेवत असे. हल्ली ताटातच बघतो.

तुमचा स्पीडोमीटर मी किती जीव ओतून दुरुस्त केला ते तुम्ही पाहिलेच आहे. तबकडीवरचे आकडे बारीक कुंचल्याने पुन्हा रंगवले, काट्याला नारिंगी रंग दिला, काचेखाली नवी रबरी रिंग बसवली. काच धरून ठेवणारी बाहेरची पत्र्याची कडी एकदा मुडपली की उघडत नाही, तोडावीच लागते, म्हणून मुडपण्याआधी मी सगळे उलटसुलट तपासले. तेव्हा तळाशी टाचणीएवढे भोक दिसले. आधीच्या कारागिराचा हलगर्जीपणा, असे म्हणून मी त्याची कीव केली आणि ते भोक सिलिकॉनने बुजवून टाकले. मग काचेवर डाग दिसला. चष्मा पुसताना करतात तसा मी आतल्या बाजूने 'हाऽ' केला, फडके फिरवले आणि लगेच कडी मुडपली. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही, असे तुम्हाला छातीठोकपणे सांगितलेही.

मामा, थेंब आत शिरला नाही, हे खरे आहे. पण ते भोक हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेले असते. माझा 'हाऽ' आत कोंडला गेला आणि आता घरजावयासारखा तिथेच राहतो. गार सकाळी धुके होऊन काचेवर बसतो, ऊन तापले की दिसेनासा होतो.

तुम्ही पहिल्याच सकाळी गाडी काढलीत, कोपऱ्यावरून परत आलात, काच पुसपुसून पाहिलीत आणि म्हणालात, "भाच्या, रस्ता लख्ख दिसतो, पलीकडचं कुत्रं दिसतं, पण काटा धुक्यात. जवळचं गेलं रे माझं." माझ्या कामावर शंका न घेता तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर घेतलीत. बोलायची वेळ तीच होती. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "हो मामा, डोळ्यांना जपायला हवं." (जीभ झडली नाही, याचे मला अजून नवल वाटते.) मग डॉक्टरांनी थेंब बदलले, नवा चष्मा दिला, आणि तो लावून तुम्हाला तेच धुके आणखी मोठे दिसले.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. (भित्र्या माणसाला दम फार असतो.) पण काल आई म्हणाली, दादा गाडी विकतोय, आता डोळे साथ देत नाहीत म्हणतो, रविवारी बेकरीवाला न्यायला येणार. मी धावत बेकरीवर गेलो. तो गाडीमागे लावायची पावाची पेटी रंगवत बसला होता. मला बघून म्हणाला, "ये, तूच केलास ना तो मीटर? काम झकास आहे हं!" ते ऐकून मी जो घरी आलो तो थेट हे पत्र लिहायलाच बसलो.

तुमचे डोळे उत्तम आहेत. खोट मीटरमध्ये आहे, आणि त्याहून जास्त माझ्यात.

तुमचा म्हणवून घ्यायला ओशाळलेला,
भाचा

ता. क. बेकरीवाल्याला नाही म्हणून सांगा. कडी तोडून मीटर पुन्हा करून देतो, भोक ठेवून. या वेळी तोंडाला रुमाल बांधीन.

आणखी ता. क. धुके डोळ्यांतच होते आणि आपोआप गेले, असे बाबांना सांगता आले तर बरे होईल. नाही सांगितलेत तरी तुमच्यावर रागावायचे तोंड मला उरलेले नाही.

शेवटचा ता. क. हे अक्षर मी मुद्दाम मुंगीएवढे काढले आहे. इथवर स्वतः वाचले असेल, तर नवा चष्मा ठेवून द्या आणि गाडी बाहेर काढा. पण मामीच वाचून दाखवत असतील, तर मामी, वरचे सगळे खरेच आहे, तरी मामांचे डोळे एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या.