फळ्या दीड इंच आखूड आल्याबद्दल

प्रिय मिस्त्री यांस,

सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, वहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल आणि आपल्या डोळ्यांत औषधाचे थेंब वेळच्या वेळी पडत असतील, अशी आशा करतो. (डोळ्यांचं मनापासून विचारतोय, टोमणा नाही. तो एकदा मारून झालाय.) तुला 'आपण' लिहिताना पेन सारखं अडतंय, पण नऊ आठवडे ज्याच्याशी बोललो नाही त्याला एकदम अरे-तुरे करणं बरं दिसणार नाही असं वाटलं होतं. दोन ओळी लिहिल्यावर आता वाटत नाही. तर, कसा आहेस?

पत्रास कारण की, बेकरीवाल्याकडून घेतलेली ती मालवाहू गाडी आतून सजून तयार आहे आणि येत्या गुरुवारी सकाळी सहा वाजता तळ्याकडे निघते आहे. तीस वर्षं तू माझ्या दुकानातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसून आणि मी मशीनवर बसून ज्या सहलीला 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत आलो, तीच ही. (गाडीला अजून पावाचा वास येतो. त्यामुळे आत नुसतं बसलं तरी भूक लागते, हा एक दोष आहे.) झोपायचे बाक दोन आहेत. एकावर मी. दुसऱ्यावर कोण, ते ठरत नाही आणि का ठरत नाही हे तुला माहीत आहे. तू करून आणलेल्या फळ्या बसवायला घेतल्या तर एकूण एक आखूड. मोठ्या फळ्या दीड इंच, लहान त्या मानानं कमी. चूकसुद्धा किती हिशेबानं केली होतीस! त्यावर मी भर दुकानात, तीन गिऱ्हाइकांसमोर, 'डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी रंधा खाली ठेवायला हवा होतास' असं बोललो. तू कानावरची पेन्सिल काढून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवलीस आणि गेलास. ती अजून तिथेच आहे. मी हलवलेली नाही, तिच्याभोवतीनं कापड कापतो. बोललो ते वाईटच बोललो. पण फळ्या आखूड होत्या हे तर खरं ना? तेव्हा मागचं सगळं विसरून मी तुला मोठ्या मनानं माफ करायचं ठरवलं आहे.

माझं माप चुकलं असेल अशी शंका तुला येईल, म्हणून पुरावा देतो. मापं मी माझ्या टेपनं घेतली आणि आकडे कागदावर लिहून तुझ्या हातात दिले. त्याच टेपनं मी गाडीचं सगळं शिवणकाम केलं, आणि ते कसं बसलंय ते येऊन बघ. मागच्या काचांना अस्तर लावलेले, चुण्यांचे पडदे. दाराला आतून कापडी खिशांची झूल, चौदा खिसे, प्रत्येकाला झाकण, काज आणि बटण; चमच्यांचा वेगळा, विजेरीचा वेगळा, काडेपेटीला चोरखिसा. (बायको म्हणते, तळ्याकाठी काडेपेटी चोरायला कोण टपून बसलंय? पण हाताला वळण पडलेलं असतं.) गाडीच्या बाजूला ताणायचं ताडपत्रीचं छत शिवलं, तर त्याला सवयीनं कॉलर लागून गेली. उसवणार होतो, पण तिच्यामुळे पावसाचं पाणी गाडीच्या मानेत उतरत नाही, म्हणून राहू दिली. यातलं काहीही सुतभर कमी नाही की जास्त नाही. म्हणजे टेप बरोबर, म्हणजे माप बरोबर, म्हणजे तू चुकलास. यात वकिलालाही फट सापडायची नाही.

फट सापडली ती मेहुण्याला. गेल्या रविवारी त्याला घेऊन तळ्यापर्यंत ट्रायलला गेलो. (ट्रायलशिवाय मी कधी माल दिलेला नाही.) पहिल्या गतिरोधकापर्यंत प्रवास फार सुखाचा झाला. बाकाची फळी दोन्हीकडच्या पट्ट्यांवर नखभर टेकलेली. गाडी उडाली, फळी एका अंगानं सुटली आणि हातातल्या उकडलेल्या अंड्यासह मेहुणा आरशातून नाहीसा झाला. मला वाटलं, आडवा झाला असेल, बाक आवडला असेल. म्हणून थांबलो नाही. तुझा तो खण त्याच्या चौकटीत इतका ऐसपैस फिरतो की गाडी डावीकडे वळली की आपणहून उघडतो आणि उजवीकडे वळली की बंद होतो. तळ्याच्या रस्त्याला डावी वळणं जास्त. चमच्यांसाठी बटणाचा खिसा असताना मी चमचे खणात ठेवले, ही माझी चूक, मान्य. मग शेगडीच्या फळीमागच्या फटीतून किटली गेली आणि तिच्या पाठोपाठ नळाचा पाण्याचा कॅन गेला. कॅन पडला तो नळ उघडूनच पडला. खाली मेहुणा होताच. तळ्यावर पोचून दार उघडलं तेव्हा तो चिंब भिजलेला, मांडीवर किटली, केसांत चमचा, आणि अंडं मात्र शाबूत. त्यानं ते शांतपणे सोललं, खाल्लं आणि बसनं घरी गेला. हा मेहुणा माझ्या बहिणीचा नवरा नाही, बायकोचा भाऊ असल्यानं हे प्रकरण घरी अजून चालू आहे.

मी मागे राहिलो. छत ताणलं, घडीचं टेबल मांडलं (त्याच्या पायांखाली मिळून सात चिंध्या घातल्या तेव्हा ते उभं राहिलं), चहा केला आणि दोन कपांत ओतला. एक माझा. दुसरा निवून गेला. तळं छान आहे, मिस्त्री, आपण म्हणायचो तसंच आहे. पण एकट्यानं किती वेळ बघणार? अर्ध्या तासात मी सगळं गुंडाळून परत आलो.

असो. बायको यायला तयार नाही. दहा दिवस मी घरात नसणं हीच तिची सहल, असं तिचं म्हणणं आहे. वहिनींना माझा नमस्कार सांग. जो काही लोभ उरला असेल तो जपून ठेव.

तुझा,
शिंपी

ता. क. – एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. काल बायकोनं सहज माझी टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिली. पस्तीस वर्षं माझ्या गळ्यात लोंबून आणि लोकांच्या पोटांभोवती ताणून ती टेपच वाढली आहे. तिच्यावरचे साठ इंच खरे साडेएकसष्ट भरतात. शिवणकामात हे कळायला मार्गच नाही. माप त्याच टेपचं, कापणं त्याच टेपचं, चूक चुकीत जिरून जाते. तू मात्र आकडे माझे घेतलेस आणि फळ्या तुझ्या पोलादी टेपनं कापल्यास, अगदी बिनचूक. (म्हणजे इतकी वर्षं अख्खं गाव माझ्या दुकानात येऊन बारीक होत होतं, हेही ओघानं आलंच. चाळीस म्हणून तू जी कंबर मिरवतोस ती एक्केचाळीस आहे. कुठे बोलू नकोस, माझा धंदा बसेल.) तुझे डोळे उत्तम आहेत. माफी मी द्यायची नव्हती, मागायची होती. ती मागतो.

ता. क. २ – बुधवारी ये. करवत आण, पाचसहा पट्ट्या आण आणि गुरुवारसाठी कपडे आण. फळ्यांना हात लावायचा नाही, त्या बरोबर आहेत. त्यांच्या आधाराचं काय करायचं ते तू ठरव, मी मधे बोलणार नाही. (थोडं बोलेन.) दुसऱ्या बाकाची गादी शिवून ठेवली आहे. नवी टेप आणली, पण ही गादी जुन्याच टेपनं केली, कारण माझ्या वहीत तुझं माप जुन्या टेपचं आहे. बरोबर बसेल.

ता. क. ३ – भावोजी, पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. टेपचं 'काल' कळलं हे खोटं. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी मी पट्टी लावून दाखवली होती. तेव्हापासून दर आठवड्याला एक, असं हे नववं पत्र. आधीच्या आठांत पहिल्याच ओळीत माफी मागितली होती, म्हणून एकही पोस्टात टाकायची यांना हिंमत झाली नाही. ती आठही गाडीतल्या त्या खणाच्या कडेला घडी करून कोंबली आहेत, खण हलू नये म्हणून. दुसरा सुतार बोलवा म्हटलं, तर म्हणतात, या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. हे पत्र मी स्वतः टाकून येते आहे. बुधवारी याच. आणि पेन्सिल हलवलेली नाही हेही खरं नाही. रोज सकाळी पुसतात आणि परत होती तिथेच ठेवतात.