पंपाचा कोट

सन्माननीय व्याहीबुवांस सविनय नमस्कार.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. आपण आणि विहीणबाईही बरे असाल अशी आशा आहे. आपला उजवा गुडघा आता काय म्हणतो? (हे ऑपरेशन झालं तेव्हाच विचारायला हवं होतं. रोज फोन हातात घेत होतो आणि नेमकी त्याच वेळी कुणाची तरी पँट आखूड करायची आठवत होती.) जिना चढता येत असेल तर फार चांगलं. येत नसेल तर घाई करू नये, जिना कुठे पळून जात नाही.

लिहायला बसलो त्याला निमित्त आहे एक पंप. आपले चिरंजीव आणि आमची मुलगी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला परगावी गेल्यापासून आम्ही त्यांच्या घरी राहायला आलो आहोत, हे आपल्या कानावर असेलच. घर सांभाळायला नव्हे, हॉलमधला समुद्र सांभाळायला. ती पाच फुटी काचेची टाकी आपण पाहिलीच आहे. आत खारं पाणी, दगड, दगडांवर प्रवाळ आणि मधून फिरणारे केशरी मासे. घराला कुलूप लावून जाता येतं, प्रवाळांना ती सोय नाही. त्यात एक जांभळं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ आहे. ते दोघांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी बोटभर आणलं होतं, आता पंज्याएवढं झालंय. जाताना मुलगी मला म्हणाली, बाबा, मासे थोडं इकडंतिकडं चालवून घेतात, पण याला पाणी सव्वीस डिग्रीच लागतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं लोकांना अर्ध्या इंचाच्या फरकात बसवलंय, डिग्रीचं काय घेऊन बसलीस.

पंप टाकीच्या खालच्या कपाटात आहे. तो पाणी वर चढवतो आणि चढवताना दळणासारखा आवाज करतो. टाकीला लागूनच सोफा, आणि सोफ्यावर माझी दुपारची झोप. चार दिवस मी सहन केलं. पाचव्या दिवशी टेप काढली, पंपाचं माप घेतलं आणि त्याला कोट शिवला. (आपण पाहिला असता तर नावाजला असता. बाहेरून गडद निळं सुटिंग, आत जाड फोम, वायरीसाठी मागे काज, पाइपांसाठी दोन बाह्या. कुठे सुरकुती नाही.) आवाज निम्मा झाला. त्या दुपारी मी पावणेदोन तास झोपलो.

कोट घातल्याच्या तिसऱ्या दिवशी टाकीवरचा आकडा अठ्ठावीसला गेला, संध्याकाळी एकोणतीस. कपाटात हात घातला तर पंप बोट लावू देईना. मी टेबलफॅन आणून पाण्यावर सोडला, बर्फाच्या पिशव्या तरंगवल्या. मासे त्या पिशव्यांभोवती जमून पाहुण्यांसारखे बघत राहिले. आकडा हलेना. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो यायच्या आधी मी कोट काढून, इस्त्री करून कपड्यांच्या कपाटात ठेवला, कारण या लोकांचे हात ग्रीसचे असतात आणि सुटिंग स्वच्छ निळं. त्याने येऊन तासभर मीटर लावलं, पंपावर हात ठेवला आणि म्हणाला, काका, हा तर गार आहे. व्होल्टेजचा खेळ असेल. तो गेला, मी कोट घातला, पंप तापला. दुसऱ्या दिवशी मासेवाला आला. (ज्याच्या दुकानातून मुलं मीठ आणतात तो. माणूस भला आहे, पण माशांशी जास्त बोलतो आणि आपल्याशी कमी.) पुन्हा कोट काढला, पुन्हा पंप गार. त्याने मीठ मोजलं, पाणी हुंगलं आणि मला काही टेन्शन आहे का असं विचारलं. व्याहीबुवा, मला खरंच वाटायला लागलं होतं की त्या यंत्राला माणसं ओळखू येतात.

उलगडा आमच्या हिने केला. ती काही दिवस बहिणीकडे गेली होती. आल्या आल्या कपाट उघडून तिने पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला जॅकेट घालून तव्यावर बसवलं तर तुम्ही गार राहाल का?" मी खाली वाकून बघितलं तर पंपाच्या पाठीमागे हवा खेचायचा छोटा पंखा, आणि त्यावर माझं फोमचं अस्तर, दुहेरी शिलाईने. कोट उतरवला. तासाभरात पंप निवला, सकाळपर्यंत पाणी सव्वीसवर आलं.

पण तोवर जांभळ्या प्रवाळाची तीन टोकं पांढरी पडली होती. मुलगी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा मी दोन दिवस फोन नुसता माशांवर धरला. तिसऱ्या दिवशी मला ते जमेना. फोन प्रवाळासमोर धरला आणि कोटासकट सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "बाबा, पंपाचा मूळ आवाज का येतो ते तिकडच्या बाबांना विचारा ना. गुडघ्यापासून ते घरातच बसून आहेत. हल्ली त्यांना कुणी काही विचारत नाही."

म्हणून विचारतो. आवाज करकर असा आहे, सतत नाही, पंप सुरू करताना जास्त. मधूनच घशात काही अडकल्यासारखा थांबतो आणि पुन्हा लागतो. पाणी वर चढतंय, पण धार पूर्वीपेक्षा बारीक वाटते. आपण पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काढली आहेत. काय तपासावं, कुठून सुरुवात करावी, ते सविस्तर कळवावं. पत्र कितीही लांब झालं तरी चालेल.

विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार.

आपला,
व्याही (शिंपी)

ता. क. दीड वर्षापूर्वी याच घरात जेवताना आपण पंपांविषयी बोलत होतात आणि मी मध्येच म्हणालो होतो की त्यात काय, बटण दाबलं की पाणी चढतं. सगळे हसले. आपणही हसलात, पण नंतर जेवला नाहीत, ते मी पाहिलं होतं. तेव्हापासून आपला फोन नाही आणि माझाही नाही. ते मी बोलायला नको होतं. हे वर पत्रातच लिहायचं होतं, पण जागा सापडत नव्हती.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करायच्या आत सांगतो. आज सकाळी हिने प्लग काढून पंपाचे चार स्क्रू सोडवले. आत चुन्याची पांढरी खपली आणि शेंगदाण्याएवढ्या गोगलगायीचा रिकामा शंख निघाला. पातं व्हिनेगरमध्ये भिजवून, धुऊन बसवलं. आता आवाज अजिबात नाही, धारही जोरात आहे. प्रवाळाच्या एका टोकाला भिंगातून पाहिलं तर किंचित जांभळं दिसतं. (ही म्हणते, मला तसं वाटतंय. वाटू दे.) म्हणजे आपल्याला विचारण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तरीही आपण दोघांनी यावं. घर तळमजल्यावर आहे, पायरी एकच आहे. मुलांना मी कळवून ठेवलंय की पंपात गंभीर बिघाड आहे आणि तो नीट तपासायला जाणत्या माणसाला निदान आठ दिवस लागतात.