व्हाळवाड्याच्या रानजायफळी दलदलीस ‘पडीक’ ठरवल्याबाबत

प्रति,
मा. वनप्रकार नोंदणी अधिकारी,
उत्तर विभाग, पणजी, गोवा.

विषय : व्हाळवाडा, पाळी (ता. डिचोली) येथील दलदलीची ‘पडीक’ ही नोंद रद्द करून तेथील मातीचा भराव आजच थांबवण्याबाबत.

संदर्भ : माझा फेब्रुवारीतील अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

मी, गौरवी यशवंत गावस, राहणार इब्रामपूर, ता. पेडणे, आपल्या वनप्रकार सर्वेक्षणात कंत्राटी सहायक होते. कोणती झाडे कोणत्या जागी एकमेकांच्या संगतीने वाढतात हे पाहून रानाचा प्रकार ठरवणे, हे आमचे काम.

१. जानेवारीत आमचे पथक पाळीचा डोंगर उतरत होते. वर माट्टी आणि किंदळ ही झाडे, म्हणजे मिश्र पानझडी रान. पायथ्याशी येताच पावले चिखलात रुतली. तिथे रानजायफळाची जुनी झाडे दाटीने उभी आहेत. त्यांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि वळून पुन्हा आत जातात. मी पुस्तकात वाचलेली दलदल प्रथमच समोर पाहिली. तिच्याच पाण्यावर खालची कुळागरे, म्हणजे पोफळीच्या बागा, जगतात. त्यांतले एक कुळागर श्री. गोकुळदास नाईक यांचे.

२. आमच्या मोबाइलमधील यादीत दलदलीचे रान हा प्रकार नव्हता. पथकप्रमुख श्री. निहार यांनी ‘इतर’ हा पर्याय निवडला आणि ‘ऑफिसात दुरुस्त करू,’ असे मला सांगितले. ऑफिसात ‘इतर’साठी नकाशावर रंग नव्हता, म्हणून ती जागा ‘पडीक’मध्ये मिळवण्यात आली. मी नकाशावर सही करण्यास नकार दिला. माझे कंत्राट पुढे वाढले नाही.

३. मी अर्ज केला. आपले उत्तर आले की, नकाशानुसार सदर जागा पडीक असल्याने तेथे रान असल्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. मी फोटो घेऊन आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी फोटोची जागा नकाशावर उघडली व ते म्हणाले, ‘इथे तर पडीक आहे, मॅडम. फोटो दुसरीकडचा दिसतो.’

४. त्याच नोंदीच्या आधारे लगतच्या खाणीवरची माती तिथे टाकण्यास परवानगी मिळाली आहे. हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाही. इब्रामपूरहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून पाळी, अशी मी येरझारा घालते आहे. आई विचारते, ‘नोकरी गेली, आता कसल्या ड्युटीवर जातेस?’ गोकुळदास चिखलात उभे राहून मला म्हणाले, ‘बाये, मे म्हयन्यांत लेगीत हांगा पाय बुडटा. हें पडीक कशें?’ म्हणजे भर मे महिन्यातही इथे पाय बुडतो.

५. आज सकाळी पहिला टिपर आला. चालक श्री. महादेव सावंत, दोडामार्गचे. गाडी मागे घेऊन ते खाली उतरले. मी आडवी जाण्याच्या तयारीत होते. ते माझ्याकडे न बघता पाण्यात हात घालून थोडा वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, ‘बाय, पाणी वाहता आसा. ह्येच्यात माती टाकूक माझ्यान जमूचा नाय.’ त्यांनी भरलेला टिपर अरुंद वाटेवर आडवा लावला, किल्ली खिशात टाकली आणि चालत निघून गेले. मागचे टिपर त्यामुळे अडून आहेत. खाणीच्या मुकादमाने दुसरी किल्ली मागवली आहे. दुपारनंतर गाडी हलवणार असे तो फोनवर बोलताना मी ऐकले.

६. महोदय, रानजायफळाचे बी ओल्या चिखलातच रुजते. भराव पडल्यावर ही दलदल पुन्हा लावता येणार नाही, मग नकाशात कोणताही रंग भरा. माझी नोकरी मी मागत नाही. श्री. महादेव यांच्यावर कारवाई झाल्यास माझे नावही त्यांच्यासोबत लिहावे. मात्र एकदा आपण स्वतः येऊन त्या चिखलात उभे राहावे आणि मग प्रकार ठरवावा.

मला जागा सोडता येत नाही, म्हणून हा अर्ज गोकुळदास यांच्या हाती देत आहे. कार्यालयाची गाडी उपलब्ध नसल्यास त्यांच्या स्कूटरवर मागे बसून यावे. ते हेल्मेट दोन आणत आहेत.

आपली वाट पाहणारी,
गौरवी यशवंत गावस

व्हाळवाडा, टिपरजवळ
दि. १९ मार्च २०२४