एकटीचा पंखा

पुणे, १२ मार्च २००९

तीर्थरूप अप्पांना,
रूपाचा इथूनच पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय. खोली चांगली हाय, पंखा हाय. अव्वाला सांगा, मी वेळेवर जेवायले.

कंपनीत सध्या पुढच्या जमान्याचं शिकवायलेत. धंदा, कम्प्युटर, पर्यावरण. काल सरांनी हरेकाला विचारलं, तुमच्या घराचा पृथ्वीवर भार किती? वीज, गॅस, गाडी सगळं मिळवायचं आन् घरातल्या माणसांत वाटायचं. मी आपलं गावाकडचं, कोहिनूरचं घर सांगितलं. दिवा एक, चूल एक, माणसं नऊ. आपला भार सगळ्यात कमी निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग सर म्हणाले, "आता राहतेस तिथलं सांग."

पंखा, दिवा, शेगडी, सगळं माझ्या एकटीच्या नावावर. आकडा लई मोठा आला. सर म्हणाले, "खोलीत आणखी दोघी घे." समदे हसले, मी बी हसले.

काळी शेळी व्याली का? नागूआत्याचा खोकला कसा हाय? संध्याकाळी समदे एकाच दिव्यापाशी बसता न्हवं?

खोलीवर आल्यावर ध्यानात आलं, अप्पा. घरात माणसं आता आठच हायत. नऊ सांगताना मी मला तिथंच धरलं होतं.

तुमची लेक,
रूपा