मशीनचा हार

प्रिय दादा,

उद्या खंडेनवमी. आईने मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू खुडून आणलाय आणि ओसरीवर हार ओवत बसली आहे. तुझ्या मशीनसाठी! राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

प्रयोगशाळेत तुझ्या जागी आता मी आहे. तेच अ‍ॅल्युमिनियम, तोच इलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोमीटर. हवा काढलेल्या भांड्यात तुकडा लख्ख करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून पृष्ठभागावर काय बसलंय ते ओळखायचं. पडद्यावरच्या आलेखात ऑक्सिजनचं टोक अजूनही तसंच गुपचूप डोकं वर काढतं.

एसटीडी बूथवरून तू सांगायचास, "लख्ख धातू कुणासाठी थांबत नाही गं सुमे. ऑक्सिजनचा पहिला थर बसताना बघायचा तर तेव्हाच बघायचा." ही घाईच नडली रे तुला!

पूजा झालेली यंत्रं दसऱ्यापर्यंत चालवायची नाहीत, हार उतरवायचा नाही, ही आपल्या घरची रीत. त्या खंडेनवमीला तुकडा तयार होता म्हणून यंत्र तू चालू केलंस, पण आईने दिलेला हार मात्र उतरवला नाहीस. अर्धी रीत मोडलीस, अर्धी पाळलीस! पाणी मारलेली फुलं विजेच्या जोडणीवर लोंबत होती, आणि तिचं झाकण दुरुस्तीसाठी तूच काढलेलं. तू हार नुसता बाजूला सरकवायला गेलास. एवढा शिकलेला तू, आधी बटण बंद करायला काय झालं होतं?

आईला आम्ही "यंत्र बिघडलं होतं" एवढंच सांगितलं. तिने तिचा अर्थ लावला. मघाशी म्हणाली, "तव्हा हार तोकडा पडला, मशीन कोपलं. यंदा लय मोठा करते. अन् मी सोता येऊन घालते."

बघ आता! हार तिच्या मांडीवरून जमिनीला टेकलाय, तरी ती ओवतेच आहे. मधूनच त्यावर पाणी शिंपडते. मला तिकडे बघवत नाही.

उद्या ती यायच्या आधी मी मेन स्विच पाडून केबल काढून ठेवीन. "वायर का काढली गं?" असं ती विचारेलच. पूजेला तशीच पद्धत असते, म्हणून सांगेन. दादा, तिने ओवलेल्या हारापायी तू गेलास, हे माझ्या तोंडून तिला कधीच कळणार नाही. हे तुला वचन.

तुझी,
सुमी