आजाऱ्यांच्या यादीतलं आईचं नाव

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळ

थकले आहे, तरी हे लिहायला हवं. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी वाचतात ती आजाऱ्यांची यादी दर आठवड्याला मी करते. आज त्यात आईचं नाव नव्हतं. विसरले, असं स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे. तीन वर्षं ती अंथरुणावर; रोज अंग पुसायचं, कूस बदलायची, मग नोकरीसाठी भनपुरीचं ऑफिस गाठायचं. तेच नाव पुन्हा लिहायची लाज वाटायला लागली होती. नवरा म्हणतोच, “देवालेही पाठ झालं असन आता.”

आईने फोनवर चर्चमधली उपासना ऐकली होती. दुपारी भरवताना म्हणाली, “काहून वं, मी बरी झाली काय?”

मी पुढचा घास कालवत राहिले.

“बरी नाही होत, मले मालूम आहे. पण नाव घेतलं की वाटते, सारे इथं येऊन बसले.”

ती बरी होईना, म्हणून मी तिलाच सोडून दिलं होतं का?

आत्ता तिच्यासमोर पुढची यादी केली. पहिलं नाव तिचं. विश्वासाने लिहिलं, असं म्हणवत नाही.

“जावईबापूचंही टाक.”

“ते कुठं आजारी आहेत?”

“आन् तुह्यंही.”

माझं नाव लिहायला फार वेळ लागला. पण लिहिलं.